गोष्ट ऐकता ऐकता इंग्रजी

१. वाचलेले कळते, मग ऐकलेले का कळत नाही?

इंग्रजीच्या पेपरात चांगले गुण मिळवणारा विद्यार्थी समोरचा माणूस इंग्रजीत बोलू लागला की गांगरतो. तेच वाक्य कागदावर लिहून दिले, तर त्याला ते लगेच कळते. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये इ. स. २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही दहा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या अनेकांची हीच अडचण असते. ‘ते फार भरभर बोलतात,’ असे ते सांगतात. ही तक्रार खरी आहे, पण अर्धीच.

ब्रिटिश इंग्रजीच्या वेगाची १९९० साली प्रसिद्ध झालेली मोजणी सांगते की, रेडिओवरचे निवेदन मिनिटाला साधारण १६० शब्दांच्या वेगाने चालते, तर दोन माणसांच्या गप्पा २१० शब्दांच्या आसपास जातात. हा वेग कमी नाही. पण मराठी माणूसही गप्पा मारताना काही थांबत थांबत बोलत नाही, आणि त्याचे बोलणे दुसऱ्या मराठी माणसाला कळते. वेगापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. कागदावर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते. अजिबात न येणारी भाषा, समजा तेलुगू किंवा तमिळ, कानावर पडली की एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. मराठी ऐकताना शब्द सुटे सुटे ऐकू येतात, कारण ते सुटे करण्याचे काम वर्षानुवर्षांच्या सवयीने आपोआप होत असते. इंग्रजीच्या बाबतीत डोळ्यांना ही सवय झालेली असते, कानांना नसते.

२. जोर कुठे पडतो

मराठीत शब्दातल्या कोणत्या अक्षरावर (म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, आणि बहुतेक अक्षरे स्पष्ट उच्चारली जातात. इंग्रजीची चाल वेगळी आहे. शब्दातले एखादे अक्षर जोरात आणि लांबवून बोलले जाते, आणि बाकीची अक्षरे आवळली जातात. ‘व्हेजिटेबल’ हा शब्द मराठी माणसाने चार अक्षरांनी पाठ केलेला असतो. इंग्लंड-अमेरिकेत तो ‘व्हेज्टबल’ असा तीन अक्षरांत आटोपतो. ‘कम्फर्टेबल’चे ‘कम्फ्टबल’ होते. हा शब्द हजार वेळा वाचलेल्या माणसालाही तो पहिल्यांदा ऐकताना ओळखता येत नाही, कारण त्याच्या मनात साठवलेले रूप आणि कानावर पडलेले रूप जुळत नाही.

वाक्यातही तसेच घडते. नाम, क्रियापद, विशेषण यांच्यावर जोर पडतो; ‘वॉज’, ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’, ‘अँड’ असे जोडकाम करणारे शब्द अर्धेच उच्चारले जातात. ‘ही शुड हॅव गॉन’ हे वाक्य ‘ही शुडव गॉन’ असे ऐकू येते. त्यातल्या ‘हॅव’चा फक्त एक ‘व’ उरलेला असतो.

ॲन कटलर या भाषामानसशास्त्रज्ञ विदुषीने इंग्रजी श्रवणाचा आयुष्यभर अभ्यास केला. तिने आणि तिच्या सहकाऱ्याने १९८७ साली दाखवून दिले की, इंग्रजी संभाषणातले सुमारे ९० टक्के अर्थवाही शब्द ठळक अक्षराने सुरू होतात. म्हणूनच इंग्रजी मातृभाषा असलेली माणसे नकळत एक युक्ती वापरतात: ठळक अक्षर आले की तिथे नवा शब्द सुरू झाला असे धरून चालायचे. मराठी बोलणाऱ्याच्या कानाला ही युक्ती जन्मतः मिळत नाही, ती कमवावी लागते. त्यासाठी पुष्कळ इंग्रजी ऐकावे लागते, आणि ऐकताना त्यातले बरेचसे कळावेही लागते. न कळणारा आवाज तासन्‌तास कानावर पडला, तरी त्यातून फारसे काही हाती लागत नाही.

३. कान आणि अंदाज

ऐकण्यात दोन कामे एकाच वेळी चालतात. कान ध्वनी पकडून त्यांचे शब्द जुळवतो, आणि मन ‘आता काय बोलले जाईल’ याचा अंदाज बांधत पुढे जाते. मातृभाषेत दोन्ही कामे विनासायास होतात. परक्या भाषेत पहिल्या कामातच सगळी शक्ती खर्ची पडते. एका शब्दावर अडखळून तो आठवेपर्यंत पुढची दोन वाक्ये निघून गेलेली असतात.

अंदाजाचे काम किती मोठे आहे हे जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन यांनी १९७२ साली एका साध्या प्रयोगातून दाखवले. त्यांनी लोकांना एक उतारा ऐकवला. शब्द अगदी सोपे होते, पण उतारा कशाबद्दल आहे हे त्यात सांगितलेले नव्हते. ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना, आणि नंतर विचारले तेव्हा त्यातले फार थोडे आठवले. दुसऱ्या गटाला ऐकण्याआधीच सांगितले होते की, हा उतारा कपडे धुण्याबद्दल आहे. या गटाला जवळजवळ दुप्पट मुद्दे आठवले. तिसऱ्या गटाला विषय सांगितला, पण उतारा संपल्यावर. त्याचा काहीही उपयोग झाला नाही. हे सगळे लोक आपल्या मातृभाषेतच ऐकत होते. मग परक्या भाषेत ऐकणाऱ्याला विषय आधी कळणे किती मोलाचे असेल, याची कल्पना यावरून येते.

४. गोष्टच का?

विषय आधी सांगणे, पुढचा अंदाज बांधू देणे आणि तेच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवणे, या तिन्ही गोष्टी कथेत मुळातच असतात. गोष्टीचा साचा सर्वांच्या ओळखीचा असतो. कोणीतरी असते, त्याला काहीतरी हवे असते, मध्ये अडचण येते आणि शेवटी ती सुटते किंवा सुटत नाही. जगातल्या कोणत्याही भाषेत वाढलेल्या मुलाला पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत हा साचा माहीत झालेला असतो. त्यामुळे इंग्रजी गोष्ट ऐकताना भाषा नवी असली तरी रचना नवी नसते.

गोष्टीत घटना बहुधा घडल्या त्या क्रमाने येतात, म्हणून मधले एक वाक्य निसटले तरी पुढच्या वाक्यावरून ते भरून काढता येते. बातम्यांमध्ये तसे होत नाही. एक बातमी निसटली की पुढची तिला सावरून घेत नाही. शिवाय लोककथांमध्ये तेच वाक्य तीनदा, चारदा, थोड्या फरकाने येते. नायक एकाला भेटतो, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि प्रत्येक वेळी तेच संवाद होतात. छापील पुस्तकात ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटेल. ऐकणाऱ्यासाठी मात्र ती दुसरी आणि तिसरी संधी असते, आणि मुले तर अशा वाक्याची वाटच पाहत असतात.

पुढे काय होणार याची उत्सुकता हे शेवटचे कारण, आणि ते हलके समजू नये. अमेरिकेतील भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात असे मांडले की, सध्याच्या पातळीपेक्षा किंचित वरची, पण संदर्भाने कळणारी भाषा कानावर किंवा डोळ्यांवर पडत राहिली की ती अंगवळणी पडते. मात्र मनावर ताण किंवा भीती असेल तर ती आत शिरत नाही. नुसते ऐकणे पुरते की बोलणे-लिहिणेही हवे, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. पण घाबरलेले मूल ऐकत नाही आणि गोष्टीत रमलेले मूल ऐकते, हे कोणत्याही शिक्षकाला वर्गात रोज दिसते.

५. ओळखीची गोष्ट आधी

पहिली इंग्रजी गोष्ट परदेशातली असावी असा एक समज आहे. नवशिक्यासाठी तो चुकीचा ठरतो. परदेशी गोष्टीत बर्फ, ओव्हन, हॅलोवीन असे संदर्भही नवे आणि भाषाही नवी. ओळखीच्या वाटेवर अंधारातही पाय नीट पडतात, तसे ओळखीच्या गोष्टीत न कळलेल्या शब्दांवरूनही मूल पुढे जाते. चिमणी-कावळ्याची गोष्ट, सिंह आणि उंदीर, तहानलेला कावळा, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी अशा ज्या गोष्टी मुलांनी मराठीत ऐकलेल्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करणे सर्वांत सोयीचे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मोफत संकेतस्थळावर तीच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्हींत सापडते. काही गोष्टी वाचून दाखवणाऱ्या आवाजासह मिळतात. आदल्या दिवशी मराठी आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजी, असा क्रम ठेवता येतो.

आवाज कोणाचा असावा, हाही प्रश्न येतो. सुरुवातीला शिक्षकाचा किंवा आईवडिलांचा आवाज सर्वांत चांगला. तो भारतीय धाटणीचा असला तर त्यात काही बिघडत नाही. सांगणारा माणूस समोर असतो, हातवारे करतो, चेहऱ्यावर भाव आणतो, मुलांच्या डोळ्यांत गोंधळ दिसला की थांबतो. हे कोणतेही ध्वनिमुद्रण करू शकत नाही. इतर देशांतले उच्चार नंतर, कान तयार झाल्यावर ऐकवावेत.

६. भोपळ्यातली म्हातारी: एक वर्ग जवळून

चौथी-पाचवीचा मराठी माध्यमाचा वर्ग. शिक्षिका फळ्यावर एक मोठा भोपळा काढते आणि त्याच्या बाजूला एक काटकुळी म्हातारी. गोष्ट कोणती ते मुले लगेच ओळखतात, आणि त्यांनी ओळखावी हाच हेतू असतो. मग ती चारच शब्द हाताने दाखवत सांगते: पम्पकिन, फॉरेस्ट, थिन, फॅट. यादी याहून लांबली की गोष्टीचा तास शब्दार्थांचा तास होऊन बसतो.

पहिल्यांदा ती गोष्ट सलग सांगते, पुस्तकात न पाहता, साध्या वाक्यांत: ‘वन्स देअर वॉज ॲन ओल्ड वुमन. शी वॉज व्हेरी थिन. शी वेंट थ्रू द फॉरेस्ट. शी मेट अ फॉक्स.’ कोल्हा तिला खाईन म्हणतो, म्हातारी सांगते की लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा. पुढे वाघ भेटतो आणि तोच संवाद पुन्हा होतो. इथवर कोणताही प्रश्न विचारला जात नाही. परतीच्या वाटेवर भोपळा गडगडत येतो आणि वाघ त्याला अडवतो, तिथे शिक्षिका थांबते आणि मराठीत विचारते, ‘आता वाघ काय विचारेल?’ मुले मराठीत उत्तर देतात. हे उत्तर इंग्रजीतच हवे असा आग्रह धरला तर ज्या मुलांना सगळे कळले आहे तीही गप्प बसतात, आणि शिक्षिकेला वाटते की कळलेच नाही. ऐकून समजले का हे तपासताना बोलण्याची परीक्षा मध्ये आणू नये. मूल चित्राकडे बोट दाखवू शकते, कृती करून दाखवू शकते, मराठीत सांगू शकते. ही सगळी समजल्याचीच चिन्हे आहेत.

दुसऱ्यांदा तीच गोष्ट सांगताना मुलांच्या हातात सहा चित्रे असतात. ऐकत ऐकत ती क्रमाने लावायची.

तिसऱ्यांदा संपूर्ण गोष्ट सांगितली जात नाही. तीन वाक्ये निवडून ती बोलण्याच्या नेहमीच्या वेगात म्हटली जातात, आणि मुलांना कानाला जसे वाटते तसे देवनागरीत लिहायला सांगितले जाते. ‘शी मेट अ फॉक्स’ बऱ्याच जणांच्या वहीत ‘शी मेटा फॉक्स’ असे उतरते. ‘देअर वॉज ॲन ओल्ड वुमन’चे कोणी ‘देवॉझनोल्ड वुमन’ असे लिहिते. वाघाचा प्रश्न ‘हॅव यू सीन ॲन ओल्ड वुमन?’ हा ‘हव्यू सीननोल्ड वुमन’ असा येतो. मराठी माध्यमाच्या मुलांना इथे एक मोठा फायदा आहे: देवनागरीत ऐकले तसे लिहिता येते. इंग्रजी स्पेलिंगच्या धाकाने जे लपून राहते ते देवनागरीत उघड होते. शिक्षिका मुलांनी लिहिलेले फळ्यावर मांडते, त्याच्या खाली मूळ वाक्य सुटे सुटे लिहिते, आणि कोणते शब्द कुठे चिकटले ते रेघांनी दाखवते. हे लिहिणे चूक म्हणून खोडायचे नसते. मुलांनी जे ऐकले ते अचूकच ऐकलेले असते; त्या ध्वनींत कोणते शब्द दडले आहेत एवढेच त्यांना कळायचे राहिलेले असते.

चौथी फेरी मुलांना सर्वांत आवडते. शिक्षिका गोष्ट पुन्हा सांगते, पण मुद्दाम चुकीची. म्हातारी थिनऐवजी फॅट, फॉक्सच्या जागी माकड, भोपळ्याऐवजी कलिंगड. चूक कानावर पडली की हात वर करायचा. आता मुलांना प्रत्येक शब्द नेमका ऐकावा लागतो, आणि तेही हसत-खेळत.

एवढे एका तासात उरकण्याची घाई करू नये. दोन-तीन दिवसांत विभागले तर अधिक चांगले, कारण मध्ये रात्र गेल्यावर पुन्हा ऐकलेले अधिक पक्के होते.

७. नवे शब्द किती मिळतात?

न्यूझीलंडचे शिक्षणतज्ज्ञ वॉरिक एली यांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेतल्या लहान मुलांना एकच गोष्ट थोड्या दिवसांच्या अंतराने तीनदा वाचून दाखवली आणि गोष्टीत आलेले नवे शब्द त्यांना आधी व नंतर विचारले. शिक्षकाने काहीच समजावून न सांगता नुसते वाचले, तेव्हा शब्दज्ञानात सुमारे १५ टक्के वाढ झाली. वाचता वाचता नव्या शब्दापाशी क्षणभर थांबून चित्र दाखवले, सोपा समानार्थी शब्द सांगितला किंवा कृती करून दाखवली, तेव्हा ही वाढ सुमारे ४० टक्क्यांपर्यंत गेली. ही मुले इंग्रजी भाषकच होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे मराठी मुलांना लावता येत नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे: गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी, आणि अडखळण्याच्या जागी एका क्षणाची मदत करावी, व्याख्यान देऊ नये.

परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांबद्दलचा पुरावा फिजी बेटांवरून येतो. एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८० च्या सुमारास तिथल्या ग्रामीण शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी २५० इंग्रजी गोष्टींची पुस्तके पुरवली. या शाळांत तोवर पुस्तके जवळजवळ नव्हतीच. काही वर्गांत शिक्षक मोठ्या अक्षरांचे पुस्तक सर्वांना दिसेल असे धरून मोठ्याने वाचत आणि मुले त्यात भाग घेत. काही वर्गांत मुले स्वतः मनात वाचत. आठ महिन्यांनी घेतलेल्या चाचणीत या मुलांची वाचनातली आणि ऐकण्यातलीही प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झालेली दिसली.

८. प्रश्न विचारणे म्हणजे शिकवणे नव्हे

पाठ्यपुस्तकांतला ऐकण्याचा सराव बहुधा असा असतो: उतारा ऐका आणि खालील पाच प्रश्नांची उत्तरे द्या. इंग्लंडमधील अभ्यासक जॉन फील्ड यांनी १९९० च्या दशकापासून या पद्धतीवर टीका केली. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न, चुकले की बरोबर उत्तर सांगायचे. पण ते का चुकले, कोणता शब्द निसटला, कोणते दोन शब्द एकच वाटले, हे कोणी पाहत नाही. अशा सरावात मुलांची परीक्षा होते, त्यांना ऐकायला कोणी शिकवत नाही. हा आक्षेप आपल्या शाळांनाही पुरेपूर लागू पडतो.

ही उणीव भरून काढणारी एक पद्धत ऑस्ट्रेलियातील रूथ वाय्निरिब यांच्या १९९० च्या पुस्तकामुळे सर्वत्र पोचली. शिक्षक चार-पाच वाक्यांची छोटी गोष्ट नेहमीच्या वेगात दोनदा वाचतो. दुसऱ्या वाचनात विद्यार्थी सुटे शब्द टिपून घेतात. मग तिघा-चौघांच्या गटात त्या शब्दांवरून सगळी गोष्ट पुन्हा उभी करायची, आणि शेवटी मूळ मजकुराशी ताडून पाहायची. पूर्ण वाक्य लिहून घेण्याइतका वेळ नसल्याने मुले आपोआप ठळक शब्द टिपतात. मधले ‘वॉज’, ‘हॅड’, ‘टू’ व्याकरणाच्या जाणिवेने भरावे लागतात. आठवीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत उत्तम जमते.

शिक्षकाचे इंग्रजी कच्चे असेल तर? ग्रामीण भागात हा प्रश्न खराखुरा आहे. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वी लर्न इंग्लिश’ हा ध्वनिकार्यक्रम अशाच शाळांसाठी तयार केला. त्यात मुलांनी उत्तर द्यायची जागा मोकळी सोडलेली असते आणि शिक्षकही मुलांबरोबर शिकत जातो. तयार ध्वनिमुद्रण वापरणाऱ्या शिक्षकाने एक पथ्य पाळावे: मधेच बंद करून पुन्हा लावण्याचा कंटाळा करू नये.

९. मोठ्या माणसांनी घरी काय करावे?

प्रौढांना लहान मुलांच्या गोष्टी ऐकायला संकोच वाटतो. त्यांच्यासाठी सोप्या इंग्रजीत पुन्हा लिहिलेल्या कथा ध्वनिरूपात मिळतात. अमेरिकेच्या ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘स्पेशल इंग्लिश’ हे प्रसारण सुरू केले. शब्दसंग्रह सुमारे १५०० शब्दांचा, वाक्ये छोटी आणि वेग नेहमीच्या साधारण दोन-तृतीयांश. बातम्यांबरोबर त्यात अमेरिकी लघुकथाही सोप्या करून ऐकवल्या जात.

घरी ऐकताना क्रम असा ठेवता येतो. पहिल्यांदा मजकूर न पाहता तीन-चार मिनिटांचा भाग पूर्ण ऐकावा आणि जे कळले ते मनात मराठीत सांगून पाहावे. मग तोच भाग मजकुरावर नजर ठेवून ऐकावा, आणि डोळ्यांना ओळखीचे पण कानाला न कळलेले शब्द खुणेने टिपावेत. शेवटी मजकूर बाजूला ठेवून पुन्हा ऐकावे. खूण केलेले शब्द आता ऐकू आले, तर कान पुढे सरकला. सुरुवातीपासूनच मजकूर समोर ठेवला तर डोळे सगळे काम करून टाकतात आणि कान रिकामा राहतो. चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. भ्रमणध्वनीवर वेग कमी करण्याची सोय असते, पण फार संथ केल्यास शब्द पुन्हा कृत्रिमपणे सुटे होतात आणि जे शिकायचे तेच हरवते. त्यापेक्षा नेहमीच्या वेगातला छोटा तुकडा चारदा ऐकणे बरे. एका मिनिटात पाच-सहाहून अधिक अनोळखी शब्द येत असतील, तर ती गोष्ट सध्या बाजूला ठेवून सोपी निवडावी.

१०. गोष्ट जिथे अपुरी पडते

गोष्ट बहुतेक भूतकाळात सांगितली जाते आणि एकाच आवाजात चालते. फोनवरचे संभाषण, रेल्वे स्थानकावरची घोषणा, मुलाखतीतला अचानक आलेला प्रश्न, महाविद्यालयातले व्याख्यान यांची घडण वेगळी असते. घोषणेत हवा तो एकच आकडा टिपायचा असतो आणि बाकीचे सोडून द्यायचे असते. फोनवर चेहरा दिसत नाही, मात्र ‘पुन्हा सांगता का’ असे विचारता येते, आणि ते इंग्रजीत विचारण्याचा सराव गोष्ट ऐकून होत नाही. म्हणून साधारण दहा-बारा गोष्टी आरामात कळू लागल्या की संवाद अधिक असलेल्या कथा, मग श्रुतिका, मग दोन माणसांच्या मुलाखती असा पुढचा क्रम ठेवावा. व्याख्यान सर्वांत शेवटी. त्यात पुढे काय येणार याचा अंदाज घटनांवरून बांधता येत नाही. तो ‘फर्स्ट’, ‘हाउएव्हर’, ‘ऑन द अदर हँड’ अशा शब्दांवरून बांधावा लागतो, आणि हे शब्द ओळखण्याचा सराव वेगळा करावा लागतो.